नाना, ही मूठ हस्तिदंती नाही!

सुरुवातीलाच कबूल करते की मी कॉन्व्हेंटची. बारावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी 'थर्ड लँग्वेज'चा पेपर होता, आणि ऱ्हस्व-दीर्घ हे आजही मी नशिबावर सोडते. तरी हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या माणसाशी माझं भांडण झालंय त्यांना इंग्रजी सेक्शन वाचता येत नाही. मासिक छापून आलं की एक अंक मी गावी पाठवणार आहे. संपादक मंडळाने शुद्धलेखन तेवढं सांभाळून घ्यावं.

तर मित्र-मैत्रिणींनो, विषय आहे पिस्तुलाची मूठ. हसू नका. होस्टेलच्या मासिकात 'मैत्री', 'पाऊस' आणि 'मोबाईल शाप की वरदान' सोडून दुसरा विषय येऊच नये असा काही नियम नाही.

आमचं गाव पैठण तालुक्यात. खंडेनवमीला आमच्याकडे जी शस्त्रपूजा होते, त्यात विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने, काकांचा वेल्डिंगचा होल्डर आणि गेल्या दोन वर्षांपासून माझा कॅल्क्युलेटर व ड्राफ्टर एवढं सगळं एका पाटावर मांडतात. आणि मधोमध, लाल कपड्यावर, नानांचं रिव्हॉल्व्हर. नाना म्हणजे माझे आजोबा. रिव्हॉल्व्हर पणजोबांचं, ०.३२ बोअरचं, वेब्ली कंपनीचं. रीतसर परवान्याचं. परवाना नंतर नानांच्या नावावर झाला. माझ्या आठवणीत त्यातून एकदाही गोळी सुटलेली नाही. पण त्याची मूठ! दोन्ही बाजूंच्या पट्ट्या दुधावरच्या सायीसारख्या पांढऱ्या-पिवळसर, गुळगुळीत. पणजोबांनी मूळच्या काळ्या पट्ट्या काढून हैद्राबादहून या बसवून आणल्या. पाहुणा आला की नाना चहाआधी सांगणार, "हस्तिदंती हाय. हात लावून बघा, गार लागती." पाहुणा हात लावणार आणि "हो की!" म्हणणार. मी लहानपणापासून शंभरदा हे बघितलंय. शाळेत 'माय प्राऊड पझेशन'वर निबंध आला तेव्हा मी तेच लिहिलं होतं आणि मिस् फार इम्प्रेस झाल्या होत्या.

गेल्या दसऱ्याला घरी गेले तेव्हा मटेरियल सायन्सचं सबमिशन नुकतंच आटोपलं होतं. डोक्यात क्रिस्टल स्ट्रक्चर, खिशात बहिर्गोल भिंग. हळद-कुंकू वाहायच्या आधी मी सहज मूठ भिंगाखाली धरली, आणि पोटात गोळा आला.

हस्तिदंत ओळखायची एक पक्की खूण आहे. हत्तीचा सुळा आडवा कापला की कापलेल्या तोंडावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. या रेघांना श्रेगर रेषा म्हणतात. रेघांमधला कोन साधारण ११५ अंशांच्या वर असेल तर आजचा हत्ती, ९० च्या खाली असेल तर बर्फात गाडलेला मॅमथ. म्हणजे प्राणी हजारो वर्षांपूर्वी मेलेला असला तरी कोनमापक त्याची जात सांगतो. हाड असेल तर जाळी नसते, बारीक काळसर ठिपके असतात, रक्तवाहिन्यांच्या वाटा. नानांच्या मुठीवर उभ्या रेघा होत्या, पण वहीला मारलेल्या समासासारख्या सरळ आणि सारख्या अंतरावर. कडेच्या तोंडावर जाळी नाही, ठिपके नाहीत, काहीच नाही. चुलतभावाच्या दुकानातून नोटा तपासायचा निळा दिवा आणला. खरा हस्तिदंत त्याखाली निळसर-पांढरा उजळतो. आमची मूठ मख्ख राहिली. तापलेली सुई टोचायचा एक गावठी उपाय आहे, पण तो मी केला नाही. एक तर नाना समोर होते. दुसरं म्हणजे वस्तू सेल्युलॉइडची असेल तर ती भडकन पेटते, आणि खंडेनवमीला शस्त्राचीच होळी झाली असती.

मी म्हणाले, "नाना, ही मूठ हस्तिदंती नाही. हे प्लॅस्टिक आहे. सेल्युलॉइड किंवा तसलंच काहीतरी."

काका, काकू, आत्या, दोन पाहुणे, सगळे होते. नाना काही बोलले नाहीत. भिंग माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "ठिव ते खाली. पूजा व्हायचीय." त्यानंतर ते दोन दिवस माझ्याशी मोजून सहा वाक्यं बोलले. आई स्वयंपाकघरात म्हणाली, "एवढं शिकवलं ते यासाठी? कुठं काय बोलावं ते नाही शिकवत का तुमच्या कॉलेजात?" नाही शिकवत. 'कम्युनिकेशन स्किल्स'चा पेपर आहे, पण त्यात फक्त ग्रुप डिस्कशन असतं.

होस्टेलवर परत आल्यावर या प्रकरणाचा मी बराच विचार केला. ती मूठ खरी निघाली असती तर काय झालं असतं? नानांची मान वर राहिली असती हे खरं. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९७७ मध्ये हत्ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आणलेल्याचाही. घरात जुनी वस्तू असेल तर ती जाहीर करून मालकीचा दाखला घ्यावा लागतो. २००३ मध्ये सरकारने अशा न कळवलेल्या वस्तूंसाठी १८० दिवसांची मुदतही दिली होती. आमच्या घरी असला दाखला-बिखला काही नाही. म्हणजे मूठ खोटी निघाली तर इज्जत जाते आणि खरी निघाली तर वनखात्याच्या दारात उभं राहावं लागतं! यातलं कमी वाईट काय, हे मी नानांना विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी हत्ती उरतोच. सुळा म्हणजे नख नव्हे, की मुळापासून काढला आणि परत आला. त्याचा साधारण एक तृतीयांश भाग कवटीच्या आत असतो, त्यामुळे चोरशिकारी हत्तीला मारूनच तो काढतात. आपल्याकडे मोठे सुळे फक्त नराला, म्हणून मारला गेला तोही नरच. एका माणसाने पाहुण्यांना "गार लागती" म्हणावं म्हणून एवढं? पणजोबांनी ठगवले जाऊन का होईना, प्लॅस्टिक आणलं हे बरंच केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता नकलीबद्दल. आपल्याकडे 'नकली' ही शिवी आहे. पण गंमत बघा, माणसाने बनवलेलं पहिलं मोठं प्लॅस्टिक हे हस्तिदंताची नक्कल करायच्या खटाटोपातूनच बाजारात आलं. १८६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका बिलियर्ड कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं, कारण चेंडू हस्तिदंताचे लागत आणि हस्तिदंत महाग होत चाललेला. जॉन वेस्ली हयात नावाच्या छपाई कामगाराने त्या नादात कापूस, नायट्रिक आम्ल आणि कापूर यांच्या भानगडीतून सेल्युलॉइड काढलं आणि १८७० मध्ये पेटंट घेतलं. (कापूर म्हणजे आपला आरतीतलाच.) मग त्याच्या फण्या, पियानोच्या पट्ट्या, चाकूंच्या आणि पिस्तुलांच्या मुठी झाल्या. खरं वाटावं म्हणून त्यात त्या सरळ रेघासुद्धा मुद्दाम घालत. म्हणजे नानांच्या मुठीवरच्या ज्या रेघांनी मला चोर सापडला, त्या चोरानेच मन लावून काढलेल्या होत्या.

१९०७ मध्ये बेकलंडने बॅकलाईट बनवलं, जे आपल्या कुकरच्या दांड्याला असतं. कापडाचे किंवा कागदाचे थर त्याच जातीच्या रेझिनमध्ये भिजवून दाबले की मायकार्टा होतं. परदेशात भारी पिस्तुलांच्या मुठी त्याच्या करतात आणि लोक त्याला मोजून पैसे देतात. आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांनी छाती फुगवावी, कारण पॅनेल बोर्डाला तुम्ही जी हायलम शीट लावता ती त्याचीच सख्खी बहीण. आणि ईएनटीसीवाल्यांनो, तुमच्या मिनी प्रोजेक्टचा पीसीबी ज्या काच-इपॉक्सीचा असतो, जवळजवळ त्याच मालाच्या 'जी-टेन' मुठी कॅटलॉगमध्ये मिरवतात. या वस्तू कुणाची नक्कल करत नाहीत. घामाने फुगत नाहीत, उन्हाने तडकत नाहीत, आणि कुणी विचारलं तर आपलं नाव सांगतात.

मला वाटतं सगळा प्रश्न इथे आहे. नक्कल करण्यात लाज नाही, नाव चोरण्यात आहे. आणि हे आपल्या शहराला कुणी शिकवायची गरज नाही. गारखेड्यातून निघून तासाभरात तुम्ही बीबी का मकबऱ्याला पोचता. ताजमहालाची गरिबाघरची नक्कल म्हणून टूरवाले त्याला हिणवतात. खाली कमरेच्या उंचीपर्यंत संगमरवर, मग दगडी भिंत आणि त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा, घुमट परत संगमरवरी. पण त्या गिलाव्यावरची नक्षी जवळून बघा. संगमरवर परवडला नाही म्हणून कारागीर रडत बसला नाही, चुन्यात जे जमतं ते त्याने जीव ओतून केलं. दुसरं आपलं हिमरू. किनखाब सोन्या-चांदीच्या जरीचं, राजेरजवाड्यांचं. हिमरू रेशीम आणि सुताचं. हे नावच मुळी 'सारखं दिसणारं' अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून आलं असं सांगतात. म्हणजे बारशालाच कबुली! आणि आज हिमरूची शाल विकत घेणारा "किनखाब आहे" म्हणत नाही. हिमरू म्हणूनच घेतो, हिमरू म्हणूनच मिरवतो.

मूठ सजवायची हौसही काही आजची नाही. जहांगीर बादशाहाने आपल्या आत्मचरित्रात 'माशाच्या दाता'च्या कट्यारीच्या मुठीबद्दल लहान मुलाच्या आनंदाने लिहून ठेवलंय. तो दात माशाचा नव्हे, उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातल्या वॉलरसचा सुळा. कुठला समुद्र आणि कुठलं आग्रा! दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन जनरल पॅटन हस्तिदंती मुठीची रिव्हॉल्व्हरं कमरेला लावून फिरायचा, आणि कुणी त्यांना मोत्याच्या शिंपल्याची म्हटलं तर भडकायचा. जनरल असो की पैठण तालुक्यातला बागायतदार, दुखणं एकच.

आता खुद्द मुठीचं काम काय, ते बघू. माझी रूममेट दहा मीटर एअर पिस्तुलची खेळाडू आहे. इथेच गारखेड्यात सरावाला जाते. तिच्या पिस्तुलाची मूठ पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं कुणीतरी उंदराने कुरतडलीय. अक्रोडाचं लाकूड, त्यावर तिने स्वतः कानशीने घासलेलं, जिथे कमी पडलं तिथे वुड पुटीचे लपके, पेन्सिलच्या खुणा, सँडपेपर. हाताच्या तळव्याखाली एक फळी, वर-खाली सरकणारी. इतकी कुरूप वस्तू आमच्या रूममध्ये दुसरी नाही, आणि आमच्या रूममध्ये इमर्शन रॉड आहे (रेक्टर मॅडम, हे वाक्य वाचू नये).

पण तिने ती हातात घेतली की कळतं. बोटं आपोआप खाचेत बसतात, डोळे मिटून पिस्तूल उचललं तरी समोरचं आणि मागचं साईट एका रेषेत येतं. नियमही याच बाबतीत कडक आहेत. मूठ हाताच्या आकाराची चालते, पण तिने मनगटाला टेकू द्यायचा नाही. तळव्याखालची फळी मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात वळवायची नाही. ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा भार हवा. मुठीला रंग कुठला, माल कुठला, याची फिकीर कुणालाच नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, तेव्हा तिच्या मुठीला हात लावून "गार लागती का" असं कुणी विचारलं नसेल!

नानांची मूठ मात्र घोटून घोटून इतकी गुळगुळीत आहे, की घामेजल्या हाताने धरली तर साबणासारखी सुटेल. मेकॅनिकलच्या फर्स्ट इयरला घर्षणाचा गुणांक शिकतो तोच इथे. म्हणून तर कामाच्या मुठीवर चौकटीची बारीक खाचकाम करतात. सांबरशिंगाच्या मुठी जगभर गाजल्या त्याचं एक कारण हेच, की शिंगाची साल मुळातच खडबडीत, हाताला धरून राहते. सांबर शिंगं दरवर्षी गाळतं, तेव्हा यात कुणाचं काय जातं असं आधी मलाही वाटलं. पण गळलेलं शिंग आणि मारलेल्या सांबराचं शिंग पोत्यात एकत्र भरलं की कोण ओळखणार? आपल्याकडून होणारी त्याची निर्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंद झाली ती उगाच नाही. मराठ्यांच्या तलवारीची लोखंडी मूठ बघा, आत कापडाची गादी असायची. दिवसभर घोड्यावर बसून जी चालवायची, तिची मूठ आधी हाताला मऊ लागते. डोळ्याला काय लागते तो नंतरचा भाग.

इथपर्यंत माझी बाजू मला फार भक्कम वाटत होती. मग एका रात्री मेसच्या कट्ट्यावर वादात सिव्हिलच्या एका मित्राने माझी विकेट काढली. तो म्हणाला, "तू नकलीची एवढी बाजू घेतेस, पण नकली हस्तिदंत बघून लोकांना हस्तिदंतच हवासा वाटतो ना? भूक तर तीच राहते. आणि खरा माल विकणाऱ्याला किती सोपं, पकडला गेला की म्हणायचं प्लॅस्टिक आहे साहेब." मला पटकन उत्तर देता आलं नाही. अजूनही पूर्ण देता येत नाही. म्हणून माझं मत मी थोडं बदललंय. जी नक्कल हिमरूसारखी आपल्या पायावर उभी राहिली तिला माझा सलाम. जी जन्मभर दुसऱ्याच्या नावावर जगते, ती निरुपद्रवी आहे असं म्हणायला मी आता कचरते.

यावर्षीच्या 'ट्रॅडिशनल डे'ला आपल्या गेटवर जो तमाशा झाला तो आठवतोय? फेटा, कुर्ता, कोल्हापुरी आणि कमरेला पांढऱ्या मुठीचं पिस्तूल. निघाला लायटर! वॉचमन काकांचा मात्र जीव वरखाली झाला, रेक्टर सरांना जेवणावरून उठावं लागलं. ज्याने आणलं तो नंतर म्हणाला, "अरे, फोटोसाठी होतं फक्त." मला तेव्हा नानांची आठवण झाली. आमचं रिव्हॉल्व्हरसुद्धा सत्तर टक्के फोटोसाठीच आहे. फरक इतकाच की ते खरं आहे. गावाकडच्या लग्नात अशीच एखादी चमकणारी मूठ कमरेतून बाहेर निघते आणि हवेत बार होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या हौसेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. गोळी खाली कुठे येते हे मूठ बघणाऱ्यांपैकी कुणी बघत नाही. नानांनी हे कधी केलं नाही, एवढं मात्र मी अभिमानाने सांगू शकते. त्यासाठी मूठ हस्तिदंती असायची गरज पडली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत परत गेले तेव्हा माफी मागायचं ठरवलं होतं. मूठ हस्तिदंती आहे असं म्हणणार नव्हते, पण पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं, एवढं तरी. नाना शेतावर गेले होते. आजी कपाट आवरत होती, मी मदतीला बसले. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत परवान्याची वही आणि पोलीस स्टेशनच्या पावत्या होत्या. निवडणुका आल्या की परवान्याची शस्त्रं जमा करायला लावतात, त्याच्या. २०२४ च्या पावतीवर हवालदाराने नंबर, बोअर आणि पुढे अक्षर दाबून लिहिलं होतं, 'मूठ पांढरी'.

मी आजीला विचारलं, "हस्तिदंती का नाही लिहिलं गं?"

आजी हसायलाच लागली. म्हणाली, "अगं, मी संगं गेलते ना दवाखान्याच्या कामानं. त्या पोलिसानं इचारलंच की, बाबा, हस्तिदंती लिहू का? तर ह्यांनी कसं गडबडीनं हात हालवला. नगं नगं म्हन्ले, पांढरी लिहा. नुसती पांढरी."

- तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मुलींचे वसतिगृह, गारखेडा)